घर कोण बांधतो? क्रांती चौकापासून किल्लारीपर्यंत

१/
‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण मराठी घरांत अजूनही ऐकू येते. गंमत अशी की, ज्याच्या तोंडी ती असते त्याने बहुधा एकही वीट स्वतः रचलेली नसते. गवंड्याने बांधलेल्या घराबद्दलही मालक ‘मी घर बांधले’ असेच म्हणतो. मराठीत ‘बांधणे’ आणि ‘बांधून घेणे’ या दोन क्रियांतील अंतर असे सहज पुसले जाते. त्या अंतराला मात्र मोठा इतिहास आहे, आणि त्यातील सर्वांत कठोर प्रकरण मराठवाड्यात घडले. त्याविषयीचा हा थ्रेड.

२/
सुरुवात छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून करू. जालना रोडवरच्या या चौकात काळा चबुतरा आहे. १८५७ च्या उठावात सामील झालेल्या हैदराबाद कंटिंजंटमधील सैनिकांना येथे देहदंड दिला गेला, अशी या जागेची ओळख आहे. चौकाचे नाव त्या स्मृतीतून आले. येथे कोण मेले आणि कोणी मारले, हे शहर सांगते. चबुतऱ्याचे दगड कोणत्या पाथरवटाने घडवले, हे कोणी विचारत नाही. बांधकामाच्या इतिहासात ही शांतता सर्वत्र आढळते.

३/
याच शहरातील बीबी का मकबरा पाहा. सतराव्या शतकाच्या मध्यास उभारलेल्या या वास्तूच्या प्रवेशद्वारावर रचनाकार अताउल्ला आणि हंसपत राय यांची नावे कोरलेली आहेत. खर्चाचा परंपरेने सांगितला जाणारा आकडा तर आण्यांपर्यंत नेमका आहे: ६,६८,२०३ रुपये ७ आणे. फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये याने संगमरवर वाहून नेणाऱ्या शेकडो बैलगाड्यांची नोंद केली. गाड्यांची नोंद झाली, बैलांचीही झाली. चुन्याची घाणी फिरवणाऱ्यांची नावे मात्र कोठेच नाहीत.

४/
बादशाही इमारतीत निदान एवढे स्पष्ट असते की, मालक आणि कारागीर वेगळे आहेत. सामान्य माणसाच्या घराचे काय? मराठवाड्यातील शेतकऱ्याने आपले माळवदाचे घर स्वतः बांधले की कारागिरांकडून बांधून घेतले? या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर नाही. एकाच घरात किमान चार प्रकारचे श्रम एकत्र येत असत. ते एकेक करून पाहणे आवश्यक आहे.

५/
पहिला श्रम बलुतेदाराचा. सुतार आणि लोहार हे गावगाड्याचे कारागीर. शेतकऱ्याचे नांगर, कुळव, पाभर दुरुस्त ठेवणे हे त्यांचे वर्षभराचे काम, आणि त्याबद्दल सुगीत धान्याचा वाटा म्हणजे बलुते. नवे घर बांधणे हे सामान्यतः या वार्षिक कराराबाहेरचे काम मानले जाई आणि त्याचा मोबदला वेगळा ठरे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) हा ग्रंथ या व्यवस्थेचे बारकावे समजून घेण्यासाठी आजही वाचला जातो.

६/
दुसरा श्रम फिरत्या कारागिरांचा. दगड फोडणारे, घडवणारे, माती वाहणारे समाज गावोगाव हिंडत. बेलदार, पाथरवट आणि वडार ही त्यांतील ठळक नावे. वडारांमध्येही कामाप्रमाणे भेद होते: गाड्यांतून दगड वाहणारे गाडी वडार, मातीकाम करणारे माती वडार. विहीर, बांध, गढी, जोते, जेथे दगड तेथे हे लोक. गावात त्यांना वतन नव्हते, बलुते नव्हते. काम संपले की पाल उठे. ज्यांनी महाराष्ट्राची जोती रचली, त्यांतील बहुतेकांच्या नावावर घराची जागा नव्हती.

७/
तिसरा श्रम वेठीचा. इतिहास लिहिताना हा सोयीने विसरला जातो. पाटील-देशमुखांच्या गढ्या आणि वाडे केवळ मजुरी देऊन उभे राहिले नाहीत. गावकुसाबाहेरच्या जातींकडून, मोबदल्याविना किंवा नाममात्र मोबदल्यावर, काम करून घेतले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले, त्यामागे नेमका हाच अनुभव होता. ‘पूर्वी सगळे गाव मिळून घर बांधायचे’ या वाक्यातील ‘मिळून’ हा शब्द म्हणूनच तपासून घ्यावा लागतो.

८/
चौथा श्रम घरच्यांचा. माती कालवणे, चिखल तुडवणे, दगड हातोहात देणे, माळवदावर माती चढवणे ही कामे कुटुंब आणि भावकी करी. त्यातही रोजचा, न संपणारा वाटा स्त्रियांचा होता. जमीन सारवणे, भिंती पोतारणे, पावसाळ्याआधी भेगा बुजवणे. घर एकदा बांधले जाते, पण मातीचे घर दरवर्षी पुन्हा बांधावे लागते. हे दुसरे बांधकाम बायका करत, आणि त्याला बांधकाम म्हटले जात नसे.

९/
म्हणजे जुने घर पूर्णतः ‘स्वहस्ते’ नव्हते आणि पूर्णतः ‘कारागिराचे’ही नव्हते. जेथे ओळंबा, गुण्या, रंधा लागे तेथे कारागीर. जेथे केवळ अंगमेहनत लागे तेथे घरचे हात किंवा वेठ. मालक सुताराशेजारी उभा असे. तुळई कोणत्या झाडाची, खांब कोठे, दार कोणत्या दिशेला, हे तो ठरवी. कारागिराचा हात आणि मालकाचा डोळा एकाच ठिकाणी असणे, हा या पद्धतीचा कणा होता.

१०/
मराठी भाषेने कामाचे प्रकारही नीट वेगळे ठेवले आहेत. काम ‘रोजाने’ द्यायचे की ‘उक्ते’? रोजाने दिले तर वेळ मालकाची जाते आणि देखरेख त्यालाच करावी लागते. उक्ते दिले तर रक्कम ठरलेली असते, पण घाई आणि काटकसर कारागिराच्या बाजूने होते. मराठवाड्यात या दोहोंच्या वर तिसरा माणूस आहे, गुत्तेदार. तो स्वतः थापी धरत नाही आणि त्या घरात राहतही नाही. विसाव्या शतकात घर आणि घरमालक यांच्यामध्ये हा तिसरा माणूस येऊन उभा राहिला.

११/
विसाव्या शतकात जुन्या पद्धतीचा एकेक धागा तुटत गेला. चांगले सागवानी लाकूड दुर्मीळ आणि महाग झाले. बलुते मोडले, सुताराची मुले शहराकडे गेली. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातील माणसाला खडी फोडण्याच्या कामावर नेले आणि पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने अंगमेहनतीला सरकारी मजुरीचा दर दिला. श्रमाला रोख किंमत आली, ही मुक्तीच होती. पण गावातील बांधकामाचे जे ज्ञान जातीच्या आणि बलुत्याच्या चौकटीत जगत होते, त्याला दुसरे घर मिळाले नाही.

१२/
याचा परिणाम भिंतीत आणि छतात साठत गेला. माळवदाची रचना अशी: लाकडी खांब, तुळया, कड्या, त्यावर फळ्या किंवा काटक्या, आणि सर्वांत वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात असे घर गार राहते. पण छत गळू लागले की, उपाय एकच होता: आणखी माती टाकणे. हे काम घरचेच लोक करत. पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर चढले. काही घरांत हा थर दोन फुटांहूनही जाड झाला. डोक्यावरचे ओझे वाढत होते आणि ते मोजणारा सुतार गावात उरला नव्हता.

१३/
भिंतींचेही तेच. या भागातील जुनी भिंत दोन-अडीच फूट, कधी त्याहूनही जाड असे. ती वस्तुतः दोन भिंती असत, बाहेरची आणि आतली. मध्ये बारीक दगड आणि चिखल. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड ठरावीक अंतरावर घालावा लागतो. जाणता गवंडी तो घाली. पण असा दगड शोधायला, घडवायला वेळ लागतो, आणि बांधून झाल्यावर तो आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. न दिसणारी गोष्टच सर्वांत आधी वगळली जाते.

१४/
३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातले किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यातले सास्तूर आणि भोवतालची गावे काही सेकंदांत जमिनीला मिळाली. सुमारे ८ हजार माणसे गेली. तोवर भूकंपाच्या सरकारी नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता.

१५/
माणसे मेली ती भूकंपाने की घरांनी? अभियंत्यांनी ढिगारे पाहिले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. आरपार दगड नसलेल्या भिंतींचे दोन थर एकमेकांपासून सुटून फुगले आणि कोसळले. वरून मातीचे छत आले. पण एक विरोधाभासही दिसला. जेथे छताचा भार भक्कम लाकडी खांबांवर पेललेला होता, तेथे अनेक ठिकाणी भिंती पडल्या तरी लाकडी सांगाडा उभा राहिला. म्हणजे जुनी विद्या खोटी नव्हती. ती अर्धवट उरली होती.

१६/
त्याच वर्षी, १९९३ मध्ये, भारतीय मानक संस्थेची दोन मार्गदर्शक मानके प्रसिद्ध झाली: एक मातीच्या घरांसाठी, दुसरे कमकुवत दगड-विटांच्या बांधकामासाठी. दुसऱ्यात आरपार दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि आडव्या दिशेने जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरावर असावा, असे सांगितले आहे. जाणत्या पाथरवटाच्या हाताला जे ठाऊक होते, ते आता आकड्यांत लिहिले गेले होते. पण हे मानक किल्लारीच्या गवंड्याच्या हातात कसे पोहोचणार?

१७/
राज्य सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने भूकंप पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आखला. आणि येथे, कोणी मुद्दाम न ठरवता, इतिहासाने एक प्रयोग मांडला. एकाच आपत्तीनंतर, एकाच सरकारने, शेजारच्या गावांत दोन वेगळ्या वाटा वापरल्या. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवायची. आणि कमी नुकसान झालेली, १३ जिल्ह्यांत पसरलेली सुमारे दोन लाख घरे जागेवरच दुरुस्त व मजबूत करायची.

१८/
पहिली वाट गुत्तेदाराची. नव्या गावांतील घरे मुख्यतः कंत्राटदारांनी आणि देणगीदार संस्थांनी बांधली. घराचा आकार जमिनीच्या मालकीवर ठरला: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्या गटाला ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. सरळ रुंद रस्ते, चौकोनी आखणी, सिमेंट-काँक्रीटच्या भिंती. भूकंपग्रस्तांना छप्पर हवे होते आणि ते मिळाले. नवी घरे जुन्यापेक्षा सुरक्षित होती, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

१९/
पण घर म्हणजे केवळ न पडणारी भिंत नव्हे. जुन्या गावात गल्ली अरुंद असे, भावकी एका अंगणाभोवती राही, जनावरे घराच्या पोटात बांधली जात. नव्या आखणीत एका कुटुंबाचे दोन भाऊ, जमीन कमी-जास्त म्हणून, दोन टोकांना गेले. धान्य, कडबा, चूल, गोठा यांना जागा कमी पडली. काँक्रीटचे छत उन्हाळ्यात तापले. आपले घर कोणत्या खोलीचे, किती उंचीचे, कोणाच्या शेजारी, हे ठरवताना घरमालकाला फारसा वाव नव्हता.

२०/
मग लोकांनी काय केले? जे नेहमी करतात ते. पुढे पडवी, बाजूला पत्र्याची शेड, मागे गोठा, चुलीसाठी आडोसा. मिळालेल्या पक्क्या घराभोवती त्यांनी आपल्या हातांनी आपले घर पुन्हा बांधायला घेतले. काही ठिकाणी त्यासाठी जुन्या ढिगाऱ्यातले दगडच वापरले गेले, आणि बांधणीही जुनीच, आरपार दगडाशिवायची. घर हातात मिळाले होते, त्यामागचे ज्ञान मिळाले नव्हते. गुत्तेदाराने घर दिले आणि शिकवण सोबत परत नेली.

२१/
दुसरी वाट घरमालकाची. दुरुस्तीच्या गावांत मदत टप्प्याटप्प्याने कुटुंबाला मिळणार होती. गवंडी मालकानेच लावायचा, साहित्य त्यानेच आणायचे, तांत्रिक सल्ला अभियंत्याचा. कागदावर हे सुंदर दिसते. प्रत्यक्षात अभियंते थोडे, गावे शेकडो, आणि लोकांचा दगडावरचा विश्वास पार उडालेला. ज्या दगडाने आपली माणसे मारली त्याच भिंतीत पुन्हा झोपायचे, या कल्पनेने लोक हादरत. कार्यक्रम सुरुवातीला अडखळला.

२२/
तेव्हा सरकारने लोकसहभागासाठी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेची मदत घेतली. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने चाललेल्या या संस्थेने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावोगावच्या महिला मंडळांना मधोमध आणले. मंडळातील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. काम हजारांहून अधिक गावांत पसरले. शासकीय योजनेची माहिती घरात पोहोचवणे आणि घरातील अडचण अभियंत्यापर्यंत नेणे, हे त्यांचे काम. ज्या बायकांच्या सारवण-पोताऱ्याला कधी बांधकाम म्हटले गेले नव्हते, त्यांना आता बांधकामावर बोलण्याचा अधिकृत हक्क मिळाला.

२३/
या स्त्रिया शिकल्या काय? भिंतीचे कोपरे एकमेकांत कसे गुंफायचे. भिंतीला आडवा पट्टा कशासाठी. आरपार बंध कोठे हवा. छतावरची जादा माती का उतरवायची. सिमेंटचे बांधकाम किती दिवस पाण्याने भिजवत ठेवायचे. थापी बहुतेक ठिकाणी गवंड्याच्याच हातात होती. पण आता शेजारी उभी असलेली बाई त्याला विचारू शकत होती, ‘इथं सळई का नाही?’ मालकाचा हरवलेला डोळा परत आला होता, आणि या वेळी तो स्त्रीचा होता.

२४/
या दुसऱ्या वाटेलाही मर्यादा होत्या, आणि इतिहासाने त्या लपवू नयेत. अनेक कुटुंबांनी जुने दगडी घर मजबूत करण्याऐवजी मिळालेल्या पैशातून शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. भीती वाटली की त्या खोलीत झोपायचे, एरवी संसार जुन्याच घरात. म्हणजे जुनी भिंत तशीच धोकादायक राहिली. गरीब विधवा, वृद्ध, हातात रोख पैसा नसलेले मजूर यांना ‘तुमचे तुम्ही बांधा’ ही मुभा कधी ओझ्यासारखीही वाटली. निर्णय हातात देणे आणि निभावण्याची ताकद देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२५/
हा पेच फक्त मराठवाड्याचा नाही. जॉन टर्नर हा ब्रिटिश वास्तुविशारद १९५७ पासून काही वर्षे पेरू देशातील वस्त्यांमध्ये काम करत होता. तेथे लोक स्वतःची घरे हळूहळू वाढवत होते. १९७० च्या दशकातील आपल्या लेखनात त्याने एक महत्त्वाचा भेद मांडला: घराची वीट मालक स्वतः रचतो की नाही, हा मुद्दा गौण आहे. काय बांधायचे, केव्हा, कितीला आणि कोणाकडून, हे कोण ठरवतो, हा खरा मुद्दा. किल्लारीच्या दोन वाटा या भेदाच्या प्रकाशात अधिक स्पष्ट दिसतात.

२६/
महाराष्ट्राच्या शहरांतही हे घडले आहे. मुंबईत १९८५ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने चारकोप, गोराई येथे लोकांना तयार घराऐवजी आखलेला भूखंड आणि पाणी-गटाराची सोय दिली गेली. घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीने गवंडी लावून उभे केले. क्रांती चौकातून जालना रोडने पूर्वेला गेले की, सिडकोच्या वसाहती लागतात. १९७० च्या दशकापासून वसलेल्या तेथील लहान घरांवर चढलेले मजले, पुढे आलेल्या खोल्या आणि जिने पाहिले की, ‘तयार’ घर कधीच तयार नसते हे ध्यानात येते.

२७/
किल्लारीचा धडा पुढे कच्छमध्ये गेला. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर गुजरातमध्ये मालकाच्या पुढाकाराने घरबांधणी हे मुख्य धोरण ठरले. मदत हप्त्यांनी, आणि पुढचा हप्ता अभियंत्याने काम तपासल्यावर. अशा रीतीने सुमारे दोन लाख घरे उभी राहिली. लातूर-उस्मानाबादच्या गावांतील स्त्रियाही कच्छला गेल्या आणि तेथील बायकांना आपला अनुभव सांगितला. आठ वर्षांपूर्वी ज्यांना ढिगाऱ्यातून बाहेर काढले गेले होते, त्या आता दुसऱ्यांना भिंत समजावून सांगत होत्या.

२८/
आजच्या घरकुल योजनांमध्येही हा विचार आहे. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत (२०१६) सरकारने घर बांधण्यासाठी कंत्राटदार नेमू नये, असा नियम आहे. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये थेट लाभार्थ्याच्या खात्यात, हप्त्यांनी. शिवाय स्वतःच्याच घरावर केलेल्या अकुशल श्रमाबद्दल रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. हा तपशील ऐतिहासिक आहे. शतकानुशतके जो घरचा श्रम हिशेबात धरला गेला नाही, त्याची हजेरी प्रथमच सरकारी पटावर लागली.

२९/
मात्र चित्रात आणखी एक माणूस आहे, रोजाने येणारा गवंडी आणि बिगारी. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये केंद्रीय कायदा झाला. त्यात नोंदणी, कल्याण मंडळ आणि बांधकामावरील उपकराची तरतूद आली. पण स्वतःच्या राहत्या घराचे १० लाख रुपयांपर्यंतचे काम त्या कायद्याच्या कक्षेतून वगळले होते. छोट्या घरमालकाची अडचण लक्षात घेतली तर ही सूट समजू शकते. पण बहुसंख्य गवंडी अशाच छोट्या घरांवर राबतात. एका गरिबाची सोय दुसऱ्या गरिबाच्या सुरक्षेला छेद देते, हा पेच कायद्याने तेव्हा सोडवला नव्हता.

३०/
मग स्वतः बांधावे की कारागीर लावावा? इतिहास या प्रश्नाला सरळ कौल देत नाही, पण काही गोष्टी ठामपणे सांगतो. घरच्यांनीच माती चढवलेले माळवदही कोसळले आणि गुत्तेदाराने बांधलेले पक्के घरही अनेकांना परके राहिले. जेथे कारागिराची विद्या आणि राहणाऱ्याची देखरेख एकत्र आली, तेथे भिंत टिकली. लाकडी सांगाडा उभा राहिला तो चांगल्या सुतारामुळे. नव्या भिंतीत सळई पडली ती जागरूक संवाद सहायकामुळे. दोघांपैकी एकाला वगळले की, भिंतीत पोकळी राहते.

३१/
२००२ मध्ये भूकंपाचा नकाशा सुधारला गेला. सर्वांत कमी धोक्याचा पहिला विभागच रद्द झाला आणि लातूरचा परिसर तिसऱ्या विभागात आला. नकाशा बदलायला एक दुरुस्ती पुरते. गवंड्याचा हात बदलायला पिढी लागते. मराठवाड्यात माळवदाची घरे आजही आहेत. त्यांच्यावर अजून माती चढते. आरपार दगड ओळखणारे म्हातारे पाथरवट आणि खणाचे घर उभारणारे सुतार वर्षागणिक कमी होत आहेत. त्यांच्याबरोबर जे जाते आहे, ते कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही.

३२/
क्रांती चौकात परत येऊ. २०२२ मध्ये येथे शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा नव्या, उंच चबुतऱ्यावर विराजमान झाला. जवळच तो जुना काळा चबुतरा. दोन्ही ठिकाणी दगडावर दगड माणसांनी ठेवले आहेत. इतिहासाची आवड असणाऱ्याने वरची स्मृती वाचावीच. पण थोडे खाली वाकून दगडांचे सांधेही पाहावेत. तेथे हाताची सफाई दिसते, आणि तोही एक लेखच आहे.

३३/
शेवटी एक काम. गावी जुने घर असेल तर घरातील सर्वांत वडीलधाऱ्या बाईला विचारा: आपल्या घराचा सुतार कोण होता? दगड कोणी घडवले? काम उक्ते दिले होते की रोजाने? चिखल कोणी तुडवला, आणि त्याचे पैसे कोणाला मिळाले, कोणाला मिळाले नाहीत? माळवदावर शेवटची माती कोणी आणि कधी टाकली? मिळालेली उत्तरे तारखेसह वहीत लिहून ठेवा. आणि शक्य असेल तर त्या भिंतीत आरपार दगड आहे का, हे जाणत्या गवंड्याकडून एकदा पाहून घ्या. ३० सप्टेंबरची पहाट कोणालाही सांगून आली नव्हती.